समुद्रकाठचे चेफालू

युरोपचा नकाशा समोर ठेवा आणि त्यात इटली हा देश शोधा. तो शोधायला वेळ लागत नाही, कारण त्याचा आकार गुडघ्यापर्यंत येणाऱ्या बुटासारखा आहे. या बुटाच्या टोकापुढे एक मोठे तिकोनी बेट दिसते. ते सिसिली. अरब लोक त्याला 'सिकिल्लिया' म्हणत. या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पालेर्मो हे मुख्य शहर आहे. तेथून आगगाडीने पूर्वेकडे निघाले, की सुमारे तासाभरात एक लहानसे गाव येते. त्याचे नाव चेफालू.

चेफालूची वस्ती सुमारे १४ हजार आहे. आपल्याकडील तालुक्याचे एखादे मध्यम गावही याहून मोठे असते. तरीही उन्हाळा सुरू झाला, की देशोदेशींचे लोक येथे सुट्टी घालवायला येतात. असे काय आहे या गावात? आज आपण तेथे मनाने फेरफटका मारू. गाव पाहू, समुद्रावर जाऊ आणि जेवायलाही बसू. जेवताना जरा कान उघडे ठेवा. तेथील पदार्थांची नावे ऐकताना तुम्हाला एक गंमत कळेल.

डोक्यासारखा डोंगर

गावात शिरताच पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो डोंगर. समुद्राच्या अगदी काठावर सुमारे २७० मीटर उंचीचा एकच प्रचंड कातळ उभा आहे. त्याला 'ला रोक्का', म्हणजे खडक, असे म्हणतात. गाव या कातळाच्या पायथ्याशी, कातळ आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत वसले आहे. ग्रीक भाषेत डोक्याला 'केफाले' म्हणतात. त्यावरून ग्रीकांनी या जागेला 'केफालोइदिऑन' हे नाव दिले. पुढे अरबांनी त्याचे 'जफलूदी' केले आणि आज ते 'चेफालू' झाले आहे. राज्ये बदलली, बोलणाऱ्यांच्या जिभा बदलल्या, पण नाव तेच राहिले; फक्त त्याचा उच्चार बदलत गेला.

डोंगरावर चढायला पायवाट आहे. चढ उभा आहे, म्हणून लोक सकाळी उन्हाच्या आधी निघतात. वाटेत जुन्या तटबंदीच्या भिंती लागतात. मध्यावर मोठमोठे दगड रचून बांधलेले एक फार प्राचीन मंदिर आहे. लोक त्याला डायना देवीचे मंदिर म्हणतात. अगदी माथ्यावर किल्ल्याचे अवशेष आहेत. तेथून खाली पाहिले, की लाल कौलांची घरे, त्यांच्या मधोमध उंच चर्च, पलीकडे वाळूची वाकडी रेघ आणि मग निळा समुद्र, असे सारे एका नजरेत येते. आपल्याकडे जंजिरा किंवा विजयदुर्ग पाहिलेल्यांना समुद्रावर नजर ठेवणारा किल्ला म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

असा किल्ला ज्याच्या हाती, त्याच्या हाती किनारा. म्हणून या गावासाठी अनेकांनी लढाया केल्या. ग्रीकांनंतर येथे रोमन आले, त्यांच्यानंतर बायझंटाइन आले. अरब सैन्य इ.स. ८२७ मध्ये सिसिलीत उतरले आणि ८५८ मध्ये चेफालू त्यांच्या ताब्यात गेले. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे येथे मुसलमानांची सत्ता होती. १०६३ मध्ये उत्तरेकडून आलेल्या नॉर्मन लोकांनी हे गाव जिंकले.

राजाचे चर्च

आता डोंगर उतरून गावाच्या चौकात येऊ. चौकाच्या वरच्या अंगाला, रुंद पायऱ्यांवर, दोन मनोऱ्यांचे भव्य चर्च उभे आहे. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने ११३१ मध्ये ते बांधायला सुरुवात केली. राजाचे जहाज वादळात सापडले होते, तेव्हा जेथे सुखरूप पोचेन तेथे चर्च बांधीन, असा नवस त्याने केला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एवढ्या लहान गावात एवढी मोठी इमारत का, याचे उत्तर गावकरी याच गोष्टीने देतात.

दूरून पाहिले तर ही इमारत किल्ल्यासारखीच दिसते. आत गेल्यावर मात्र नजर थेट समोरच्या अर्धगोल भिंतीवर जाते. रंगीत आणि सोनेरी काचांचे बारीक तुकडे जोडून तेथे येशू ख्रिस्ताचे प्रचंड चित्र केलेले आहे. हे काम ११४८ मध्ये पूर्ण झाले. ते बायझंटाइन परंपरेतील कारागिरांनी केले. चित्रातील उघड्या ग्रंथाच्या एका पानावर ग्रीक आणि दुसऱ्या पानावर लॅटिन अक्षरे आहेत. आता मान वर करून लाकडी छताकडे पाहा. त्याच्या तुळयांवर जुनी रंगीत चित्रे आहेत, आणि त्यांची शैली मुसलमान चित्रकारांची आहे. भिंतीवर ग्रीक हात, छतावर अरबी शैली आणि पैसा नॉर्मन राजाचा! अशा इमारती जगात फार थोड्या आहेत. म्हणूनच २०१५ मध्ये युनेस्कोने पालेर्मोतील काही इमारती, मोंरेआले येथील चर्च आणि चेफालूचे हे चर्च यांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादीतील नावातच 'अरब-नॉर्मन' हे शब्द आहेत.

रॉजरच्या दरबारात लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत कामकाज चालत असे. प्रसिद्ध भूगोलतज्ज्ञ अल-इद्रीसी याच राजाच्या आश्रयाला होता. त्याने राजासाठी चांदीच्या तबकडीवर जगाचा नकाशा कोरवून घेतला आणि ११५४ मध्ये आपला मोठा भूगोलग्रंथ पूर्ण केला. या ग्रंथाची आठवण ठेवा. जेवणाच्या वेळी तो पुन्हा लागणार आहे.

एका प्रवाशाची नजर

रॉजरनंतर तीस वर्षांनी, म्हणजे ११८४ च्या डिसेंबरात, इब्न जुबैर नावाचा प्रवासी सिसिलीत पोचला. तो स्पेनमधील मुसलमान होता आणि हज करून घरी परतत होता. मेसिना या बंदराजवळ त्याचे जहाज फुटले. किनाऱ्यावर न्यायला आलेल्या नावाड्यांनी पैसे मागितले. गरीब मुसलमान प्रवाशांजवळ पैसे नव्हते. तेव्हा तेथे हजर असलेल्या ख्रिस्ती राजाने, दुसऱ्या विल्यमने, त्यांचे पैसे भरले. पुढे पालेर्मोकडे जाताना इब्न जुबैर चेफालूला थांबला. तेथील द्राक्षमळे, नीटनेटका बाजार आणि कातळावरचा भक्कम किल्ला यांची त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंद केली आहे. गावात मुसलमानांची वस्ती आहे, हेही त्याने लिहिले आहे.

त्याने सिसिलीतले सौजन्य पाहिले, तशी मुसलमानांच्या मनातली भीतीही पाहिली. राजा चांगला आहे, पण उद्याचे काय, ही ती भीती होती. ती खरी ठरली का, ते आपण शेवटी पाहू.

धुण्याची जागा आणि मासेविक्या

गावातल्या गल्ल्या अरुंद आहेत. वर पाहिले तर दोन्ही बाजूंच्या सज्ज्यांमध्ये वाळत घातलेले कपडे दिसतात. अशाच एका गल्लीतून काही पायऱ्या खाली उतरल्या, की धुणे धुण्याची जुनी सार्वजनिक जागा लागते. एक झरा भिंतीतल्या तोट्यांमधून खळखळत बाहेर पडतो. त्यांतल्या कित्येक तोट्या सिंहाच्या तोंडाच्या आकाराच्या आहेत. खाली दगडी कुंड्या आणि कपडे घासायला तिरके दगड आहेत. शतकानुशतके गावातल्या बायका येथे धुणे धूत आणि एकमेकींची सुखदुःखे ऐकत. आता तेथे कोणी धुणे धूत नाही, पण पाणी मात्र वाहतेच आहे.

जवळच मांद्रालिस्का संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकात मांद्रालिस्का नावाच्या एका सरदाराने आपला सारा संग्रह गावासाठी ठेवला. त्यात आंतोनेल्लो दा मेसिना या थोर चित्रकाराने रंगवलेले एका हसऱ्या माणसाचे चित्र आहे. ते पाहायला लोक दूरून येतात. पण तुम्हाला तेथील एक जुना ग्रीक रांजण जास्त आवडेल. त्याच्यावर एक मासेविक्या चितारला आहे. तो हातात मोठा सुरा घेऊन कुपा मासा कापतो आहे. समोर गिऱ्हाईक उभे आहे आणि त्याच्या हातात नाणे आहे. जणू दोघांत भावाची घासाघीस चालली आहे. हे चित्र दोन हजारांहून अधिक वर्षांचे आहे. आपल्या कोकणातल्या मासळीबाजारात आजही हाच देखावा दिसतो.

किनारे

चला, आता समुद्रावर. चेफालूचा मुख्य किनारा गावाला लागूनच आहे. सुमारे दीड किलोमीटर लांब, बारीक वाळूचा आणि उथळ. मुलांना खेळायला तो सुरक्षित आहे. किनारा पश्चिमेकडे वळलेला असल्यामुळे संध्याकाळी मावळत्या सूर्याचा प्रकाश जुन्या घरांच्या भिंतींवर पडतो आणि सारे गाव मधाच्या रंगाचे दिसते. गावाची जुनी वेस 'पोर्ता पेस्कारा' थेट पाण्याकडे उघडते. पूर्वी कोळी याच वाटेने होड्यांकडे जात.

पश्चिमेला माझाफोर्नो आणि सालिनेल्ले, तर कातळाच्या पलीकडे पूर्वेला काल्दुरा असे आणखी किनारे आहेत. काल्दुराला वाळू कमी आणि खडक जास्त. पाणी इतके नितळ, की तळाचे गोटे दिसतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये मुख्य किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरात गर्दी ओसरते आणि पाणी मात्र तेव्हाही कोमट असते.

इटलीत समुद्रकिनारा सरकारच्या मालकीचा असतो. सरकार त्याचे काही भाग व्यावसायिकांना भाड्याने देते. ते तेथे छत्र्या आणि खुर्च्या मांडतात व त्यांचे पैसे घेतात. उरलेला किनारा सर्वांना मोफत असतो. भाड्याने दिलेल्या भागातही पाण्याच्या अगदी कडेची पट्टी कोणाला अडवता येत नाही. समुद्राजवळ जाण्याचा हक्क सर्वांचा आहे, हे तत्त्व त्यामागे आहे.

६ ऑगस्टला गावाच्या मुख्य सणाच्या दिवशी जुन्या बंदरात एक मजेदार खेळ होतो. एक लांब, निसरडा खांब पाण्यावर आडवा बांधतात. त्याच्या टोकाला झेंडा असतो. तरुण मुले खांबावरून पळत जाऊन झेंडा काढायचा प्रयत्न करतात. बहुतेक जण धपकन पाण्यात पडतात आणि काठावर हशा पिकतो.

आता जेवायला बसू

समुद्रात डुंबल्यावर भूक लागणारच. ताटात पहिल्यांदा येतो तो तारली माशांचा पास्ता. पास्ता म्हणजे गव्हाच्या पिठाच्या जाड शेवया किंवा नळ्या. त्यांत ताजी तारली, रानातली हिरवी बडीशेप, मनुका, चिलगोजे आणि केशर घालतात. मासे आणि मनुका एकत्र! आपल्याला हे नवल वाटते, पण आंबट, गोड आणि खारट चवी एकत्र आणणे हीच सिसिलीच्या स्वयंपाकाची खूण आहे.

आता अल-इद्रीसीचा ग्रंथ आठवा. पालेर्मो आणि चेफालू यांच्या दरम्यान त्राबिया नावाचे गाव आहे. तेथे पुष्कळ 'इत्रिया' तयार होते आणि ती जहाजांत भरून मुसलमान व ख्रिस्ती देशांत पाठवली जाते, असे त्याने ११५४ मध्ये लिहून ठेवले आहे. 'इत्रिया' म्हणजे वाळवलेल्या शेवया. इटलीतील वाळवलेल्या पास्त्याची ही फार जुनी नोंद आहे. ईदच्या दिवशी तुमच्या घरी शीरखुर्म्यात ज्या शेवया पडतात, त्यांची ही लांबची बहीण म्हणायला हरकत नाही.

सणाच्या दिवसांत चेफालूत 'पास्ता आ तायानू' करतात. मातीच्या पसरट भांड्यात पास्ता, मांसाचा रस्सा, तळलेली वांगी आणि किसलेले चीज यांचे थर देऊन तो भाजतात. 'तायानू' हे त्या भांड्याचे नाव. अरबी 'ताजिन' शब्दापासून ते आले.

वांग्यांचाच दुसरा पदार्थ 'कापोनाता'. तळलेल्या वांग्यांत टोमॅटो, जैतून, म्हणजे ऑलिव्ह, सिरका आणि साखर घालून तो करतात. रस्त्यावर हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या मिळतात. त्यांना 'पानेल्ले' म्हणतात. त्या पावात घालून खातात. आपल्या वडापावाची आठवण होते की नाही? केशरी भाताचे सारण भरलेले गोळे तळतात, त्यांना 'आरांचिना', म्हणजे छोटे नारिंग, असे म्हणतात. शेवटी 'कस्साता'. लग्नात तुम्ही कसाटा आइस्क्रीम खाल्ले असेल. त्याचे नाव येथूनच आले. सिसिलीतील कस्साता मात्र आइस्क्रीम नसून मेंढीच्या दुधाचे मऊ पनीर, बदामाचा लगदा आणि साखरेत मुरवलेली फळे यांचा केक असतो. अरबीत वाडग्याला 'कसआ' म्हणतात. त्यावरून हे नाव पडले असावे, असे बरेच अभ्यासक मानतात.

ताटातले शब्द

मघाशी कान उघडे ठेवा म्हटले होते, ते यासाठी. आता इटालियन शब्द ऐका. साखर म्हणजे 'झुक्केरो'. अरबीत 'सुक्कर', फारसीत 'शकर', संस्कृतात 'शर्करा', आपली 'साखर'. नारिंग म्हणजे 'आरांचा'. अरबीत आणि फारसीत 'नारंज', 'नारंग', संस्कृतातही 'नारंग'. लिंबू म्हणजे 'लिमोने'. केशर म्हणजे 'झाफेरानो', तुमचे 'जाफरान'. वांगे म्हणजे 'मेलांझाना'. ते अरबी 'बादिंजान'पासून आले, आणि तो शब्द संस्कृत 'वातिंगण'पासून. सरबत म्हणजे 'सोर्बेत्तो'. हा शब्द तुर्कीतून गेला.

हे शब्द एकटे गेले नाहीत. त्यांच्याबरोबर रोपे गेली आणि शेतीची विद्याही गेली. उसाला, लिंबाला, वांग्याला उन्हाळ्यात पाणी लागते, आणि सिसिलीचा उन्हाळा कोरडा. अरबांनी तेथे रहाट, पाट आणि हौद यांची पद्धत रुजवली. सिसिलीचे शेतकरी रहाटाला 'सेनिया', पाटाला 'साइया' आणि हौदाला 'जेब्बिया' म्हणतात. 'साइया' हा अरबी 'साकिया'. पाणी पाजण्याचा अर्थ असलेल्या ज्या धातूपासून तो झाला, त्याच धातूपासून उर्दू शायरीतला 'साकी' झाला. कुपा मासे पकडणाऱ्या कोळ्यांच्या नायकाला 'राइस' म्हणत. हा शब्द तुम्ही 'रईस' म्हणून ओळखता. चेफालूच्या मागच्या डोंगरात जिबिलमान्ना नावाचे ठिकाण आहे. 'जबल' म्हणजे डोंगर, हे तुम्हाला सांगायला नको. त्या भागात एका झाडाच्या सालीला चिरा पाडून गोड रस गोळा करतात. तो वाळला, की त्याला 'मान्ना' म्हणतात.

एक गंमत पाहा. सिसिलीत सगळीकडे फड्या निवडुंग उगवते. त्याची गोड बोंडे लोक आवडीने खातात आणि त्यांना 'फिको दिंदिया', म्हणजे 'हिंदी अंजीर', म्हणतात. पण हे निवडुंग हिंदुस्थानचे नव्हेच! ते अमेरिकेतून आले. अमेरिकेलाच हिंदुस्थान समजल्यामुळे हा घोटाळा झाला. टोमॅटोही तिकडचाच. उलट साखर आणि वांगी ही खरोखर आपल्या भूमीतून निघून इराण आणि अरबस्तानमार्गे तेथे पोचली, पण त्यांच्या नावात हिंदुस्थान कोठेच दिसत नाही. नावावरून मूळ ओळखता येतेच असे नाही. त्यासाठी अभ्यास करावा लागतो.

जे गेले आणि जे राहिले

इब्न जुबैरला जाणवलेली भीती खरी ठरली. रॉजरचाच नातू, सम्राट दुसरा फ्रेडरिक, याने १२२० नंतरच्या काळात सिसिलीतील मुसलमानांना बेटावरून उचलून इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा या गावी नेऊन बसवले. १३०० मध्ये दुसऱ्या एका राजाने लुचेराची ती वसाहतही मोडली आणि तेथील लोकांना गुलाम म्हणून विकले. ज्यांनी पाट खणले, नारिंगे लावली, तुळया रंगवल्या, त्यांची मुलेबाळे त्या बेटावर उरली नाहीत. शायर इक्बाल १९०८ मध्ये युरोपातून परतताना जहाजातून सिसिली पाहून हळहळले होते. त्यांची 'सिकिलिया' ही नज्म 'बांग-ए-दरा' या संग्रहात आहे.

ही हळहळ योग्यच आहे. माणसांना त्यांच्या घरातून उपटून काढणे हा अन्याय असतो. तो कोणीही करो आणि कोणावरही होवो. पण चेफालू आपल्याला आणखी एक गोष्ट दाखवते. राजाच्या हुकुमाने माणसे हाकलता आली, पण त्यांचे शब्द हाकलता आले नाहीत. 'साखर' म्हणायला बंदी घालता आली नाही. रहाट चालत राहिले, वांगी पिकत राहिली. आज चेफालूतील आजीबाई मातीच्या 'तायानू'त पास्ता रचते, तेव्हा तो शब्द तिला परका वाटत नाही. तो तिच्या आजीचा शब्द असतो.

भाषेचे आणि अन्नाचे असेच असते. ती कोणा एकाची नसतात. तुम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकता. 'किल्ला', 'सरबत', 'साखर', 'नारिंग' हे शब्द या दोन्ही भाषांत थोड्याफार फरकाने आहेत. आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातील दहा वस्तूंची नावे मराठीत आणि उर्दूत लिहून काढा. प्रत्येक नाव कोठून आले असेल, ते शब्दकोशात पाहा. त्यांतली काही नावे भूमध्य समुद्राच्या काठी, चेफालूच्या बाजारातही ऐकू येतात, हे लक्षात असू द्या.